दुर्बिणीतून काय काढायचे?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे चालत निघाले, की 'दुर्बिणीद्वारे गर्भपिशवीचे ऑपरेशन, बिनटाक्याचे, दुसऱ्या दिवशी घरी' असा एखादा फलक दिसतोच. फलक खोटे बोलत नाही. पोटावर अर्ध्या ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे, दुसऱ्या दिवशी चालणे-फिरणे, दोन-तीन आठवड्यांत घरकाम किंवा कचेरी, हे आता नवलाचे राहिलेले नाही. फलकावर लिहिलेले नसते ते एवढेच, की दुर्बीण आत घालून काढणार काय? गर्भाशयातली गाठ, की गाठीसकट गर्भाशय? बाहेरून व्रण दोन्हींचे सारखेच दिसतात, आणि 'दुर्बिणीतून झाले' हे शेजारणीला सांगतानाचे वाक्यही दोन्हींसाठी एकच असते. छेद किती लहान, हा फायब्रॉइडच्या उपचारातला शेवटचा प्रश्न आहे. शस्त्रक्रिया लागणार आहे का, लागणार असेल तर काय काढायचे, आणि काढल्यावर मागे राहील ते नीट शिवले जाईल का, हे तीन प्रश्न त्याच्या आधीचे. आपल्याकडे मात्र शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो आणि त्याच्या चांगल्या उत्तरावर खूश होऊन बाकीचे विचारायचे राहूनच जातात.

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूची गाठ. एका स्नायूपेशीची वाढ बहकते आणि तिचाच वंश वाढत जाऊन वाटाण्यापासून नारळापर्यंत कोणत्याही आकाराची गाठ तयार होते. यांतल्या सुमारे ७० टक्के गाठींमध्ये मेड१२ या एकाच जनुकात बदल झालेला असतो, हे हेलसिंकीच्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसते, म्हणून पाळी कायमची गेली की बहुधा आक्रसते. आणि ती अतिशय सर्रास आढळते. वॉशिंग्टन परिसरातल्या स्त्रियांच्या सोनोग्राफी करून २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की पन्नाशीपर्यंत जवळजवळ ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गर्भाशयात केव्हा ना केव्हा फायब्रॉइड होतो. यांतल्या बहुसंख्य बायकांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फायब्रॉइड' हा शब्द छापून आला, एवढ्यावरून ऑपरेशनची तारीख ठरत नाही. अंगावरून इतके जाते की रक्त कमी होते, ओटीपोटात दाब किंवा दुखणे आहे, लघवी अडते, गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही, यांपैकी काही असेल तरच गाठीशी भांडायचे. नसेल तर लक्ष ठेवायचे.

घरातले लोक विचारतात, गाठ केवढी आहे? त्याहून महत्त्वाचे आहे ती कुठे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिगोने, २०११मध्ये फायब्रॉइडना ० ते ८ असे क्रमांक दिले. शून्य क्रमांकाची गाठ गर्भाशयाच्या पोकळीत देठाने लोंबत असते. एक आणि दोन क्रमांकाच्या गाठी पोकळीत डोकावतात. तीन आणि चार भिंतीत रुतलेल्या. पाच आणि सहा बाहेरच्या अंगाला फुगलेल्या. सात देठाने बाहेर लोंबणारी. आठमध्ये गर्भाशयमुखासारख्या आडवाटेच्या जागा. पोकळीत लोंबणारी दोन सेंटिमीटरची गाठ एखादीला दर महिन्याला रक्त चढवायची वेळ आणू शकते, आणि बाहेर लोंबणारी आठ सेंटिमीटरची गाठ वर्षानुवर्षे गुपचूप बसू शकते. ऑपरेशनची वाटही याच क्रमांकावरून ठरते. शून्य, एक आणि बऱ्याचशा दोन क्रमांकाच्या गाठी योनिमार्गाने हिस्टेरोस्कोप, म्हणजे गर्भाशयात शिरणारी दुर्बीण, घालून आतूनच खरवडून काढता येतात. पोटावर एकही छेद लागत नाही. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट न्यूवर्थ यांनी १९७०च्या दशकात ही वाट पाडली. हिच्यातली जोखीम वेगळ्याच ठिकाणी असते. पोकळी फुगवण्यासाठी आत सतत द्रव सोडावा लागतो, आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांतून तो शरीरात शोषला जातो. म्हणून ऑपरेशन चालू असताना एक जण फक्त हिशेब ठेवतो: आत गेला किती, बाहेर आला किती. सलाइन वापरत असतील तर फरक अडीच लिटरवर गेला की थांबायचे. जुन्या पद्धतीचा ग्लायसीनचा द्रव असेल तर एका लिटरवरच, कारण रक्तातले सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते. गाठ थोडी राहिली तरी चालेल, ती पुन्हा काढता येते. हा संयम फलकावर मावत नाही.

भिंतीतल्या आणि बाहेरच्या गाठींसाठी पोटातून जाणारी दुर्बीण, म्हणजे लॅपरोस्कोप. बेंबीतून सुईने कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवायचे, टेबल डोक्याकडे कलते करायचे म्हणजे आतडी वर सरकून जागा मोकळी होते, आणि मग छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्याची हत्यारे. गाठीवरच्या भिंतीत व्हासोप्रेसिनचे पातळ केलेले इंजेक्शन दिले की लालसर गर्भाशय पडद्यावर पाहता पाहता पांढरेफटक पडते. रक्तवाहिन्या आकसल्याची ती खूण. मग भिंत चिरायची. चीर नेमकी खोल गेली की मोत्यासारखी पांढरी चकाकणारी गाठ दिसू लागते. फायब्रॉइडभोवती दाबल्या गेलेल्या स्नायूचे एक पातळ आवरण असते. त्या आवरणाच्या आतून शिरले तर शेंगेतून दाणा सुटावा तशी गाठ सुटते आणि रक्तही बेताचे जाते. चुकीच्या थरात शिरले की गाठही सुटत नाही आणि रक्तही थांबत नाही. स्क्रूसारखे हत्यार गाठीत फिरवून ती ओढून धरायची, कडेकडेने सोडवायची. बघणाऱ्याला वाटते, आता संपले. खरे ऑपरेशन इथून पुढे सुरू होते. मागे उरलेला खड्डा तळापासून दोन-तीन थरांत शिवायचा असतो, तोही तीस-चाळीस सेंटिमीटर लांबीच्या, मनगट नसलेल्या हत्यारांनी, सपाट पडद्याकडे बघत. गाठ काढणे बरेच जण शिकतात. हे शिवणे शिकायला वर्षे जातात.

इतिहास पाहिला तर गाठ काढून गर्भाशय वाचवण्याचा विचार दुर्बिणीपेक्षा शंभराहून जास्त वर्षांनी जुना आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲटली बंधूंनी १८४४मध्ये पोट उघडून अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली. पण ती रुजली नाही, कारण रक्त आवरत नसे. त्या मानाने सबंध गर्भाशय काढून टाकणे सोपे. या सोयीच्या शहाणपणाला लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आव्हान दिले. त्यांच्या पत्नीचे गर्भाशय फायब्रॉइडमुळेच काढावे लागले होते आणि त्यांना मूल झाले नाही. बॉनींनी गर्भाशयाच्या धमन्या तात्पुरत्या दाबून धरणारा एक चिमटा बनवला, खड्डा शिवण्याच्या रीती बसवल्या आणि शेकडो बायकांच्या गाठी काढून गर्भाशय जागच्या जागी ठेवले. सौम्य गाठीसाठी तरुण बाईचे गर्भाशय काढणे हा शस्त्रक्रियेचा पराभव आहे, अशी त्यांची धारणा होती. बॉनींचे छेद मोठे होते. आजच्या मापाने त्यांची शस्त्रक्रिया मागासलेली ठरेल. पण त्यांची रुग्ण घरी जाई ती गर्भाशय घेऊन. आज तळहातावर मावतील एवढ्या व्रणांनिशी घरी जाणाऱ्या किती जणींच्या बाबतीत असे म्हणता येईल?

यावरून लहान छेद म्हणजे नुसता देखावा, असा अर्थ कोणी काढू नये. जर्मनीत कील येथे कुर्ट झेम यांनी स्त्रीरोगातली लॅपरोस्कोपी घडवली आणि १९८०मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांचा परवाना काढून घेण्याची भाषा केली होती. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९०मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हाही शंका घेणारे कमी नव्हते. शंकांना उत्तर आकड्यांनी मिळाले. फायब्रॉइड दुर्बिणीतून काढणे आणि पोट उघडून काढणे यांची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०१४मध्ये आढावा घेतला. दुर्बिणीतून केलेल्या बायकांना दुखले कमी, ताप कमी आला, रुग्णालयात कमी राहावे लागले. गाठी पुन्हा होण्याच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. इटलीतल्या १३१ स्त्रियांच्या २०००मधल्या चाचणीत गर्भ राहण्याचे प्रमाणही दोन्हींकडे साधारण सारखेच होते. आकड्यांचा अर्थ सरळ आहे. लहान छेद बाईचे पहिले काही आठवडे सुखाचे करतो; पुढची वर्षे ठरतात ती आत काय केले यावरून. गर्भार असताना जुन्या शिवणीवर गर्भाशय फाटणे ही घटना विरळ, शंभरात एकीपेक्षा कमी. पण अशा नोंदल्या गेलेल्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा दोन गोष्टी आढळल्या आहेत: रक्त थांबवायला विजेचा चटका जास्त दिलेला, किंवा खड्डा एकाच थरात उरकलेला. दुर्बिणीत शिवणे अवघड, म्हणूनच हा मोह होतो. ज्या सर्जनला दुर्बिणीतून तीन थर शिवणे जमत नाही, त्याने पाच-सहा सेंटिमीटरचा छोटा छेद घेऊन हाताने शिवावे. त्यात कमीपणा कसला?

लहान छिद्राची किंमत कधी कधी भलत्याच जागी मोजावी लागते, याचा धडा अमेरिकेने २०१४मध्ये घेतला. एक सेंटिमीटरच्या भोकातून दहा सेंटिमीटरची गाठ बाहेर काढायची तर तिचे तुकडे करावे लागतात. त्यासाठी विजेवर फिरणारे पाते आले, मॉर्सेलेटर. २०१३मध्ये बोस्टनमधल्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंचे फायब्रॉइड समजून गर्भाशय काढताना असे तुकडे केले गेले. आत लायोमायोसार्कोमा नावाचा कर्करोग लपलेला होता. त्याचे कण पोटभर उडाले. त्यांनी आणि त्यांच्या सर्जन पतीने उठवलेल्या आवाजानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४मध्ये इशारा दिला: फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीच्या गर्भाशयात असा न ओळखलेला सार्कोमा असू शकतो. हा आकडा वादग्रस्त ठरला. नंतरच्या एका मोठ्या सरकारी आढाव्यात लायोमायोसार्कोमाचे प्रमाण दहा हजारांत एकीहून कमी ते १३, एवढ्या पट्ट्यात आले. वादाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. इशाऱ्यानंतर मिशिगन राज्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया घटल्या, पोट उघडणे वाढले आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांतली मोठी गुंतागुंत २.२ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर गेली. म्हणजे घाबरून मोठ्या छेदाकडे पळण्याचीही किंमत असते. शेवटी निघालेला तोडगा समंजस होता: गाठ आधी पिशवीत घ्यायची, पिशवीचे तोंड भोकातून बाहेर काढायचे आणि तुकडे पिशवीच्या आतच करायचे, पाळी गेलेल्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या बाईत हे यंत्र वापरायचेच नाही. कर्करोगाच्या बाबतीत 'लहान तेच चांगले' या गृहीतकाला आणखी एक तडाखा २०१८मध्ये बसला. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रोग परतण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त निघाले.

सार्कोमाची ही चर्चा आपल्याकडे पोहोचली ती उलटी होऊन. 'गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाकलेली बरी' हे वाक्य कितीतरी बायकांना ऐकवले जाते. फायब्रॉइडचा कर्करोग होतो, असे मानायला जवळजवळ काही आधार नाही. सार्कोमा बहुधा वेगळाच, स्वतंत्रपणे उद्भवतो. तरी हे वाक्य चालते, कारण भीतीपुढे हिशेब टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ३ टक्क्यांहून थोड्या जास्त स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश खासगी रुग्णालयांत, आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय ३४. पाहणी ४९व्या वर्षीच थांबत असल्याने हे वय थोडे खाली ओढले गेले आहे, हे मान्य. तरीही चौतीस म्हणजे चौतीस. बीडची गोष्ट तर सगळ्या देशाने वाचली. २०१९मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशये काढलेली निघाली. यांतली सगळी फायब्रॉइडमुळे काढली, असे मुळीच नाही. पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत काम बुडते, अशी कारणेही होती. पण नेमका हाच मुद्दा आहे. ज्या वातावरणात कंबरदुखीवर गर्भाशय काढले जाते, तिथे सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर कोण थांबणार?

'मुलं झाली, आता पिशवीचा उपयोग काय?' हा सगळ्यांत बळकट आक्षेप, आणि तो डॉक्टरांइतकाच सासू, नवरा आणि कधी कधी ती बाई स्वतःही घेते. पण अंडाशये जागेवर ठेवून नुसते गर्भाशय काढले, तरी पाळीबंदीचा काळ लवकर येतो. अंडाशयांना मिळणाऱ्या रक्ताचा काही वाटा गर्भाशयाकडून येत असतो, हे त्याचे एक संभाव्य कारण. अमेरिकेतल्या एका अभ्यासात चार वर्षांच्या पाठपुराव्यात अशा सुमारे १५ टक्के स्त्रियांची अंडाशये थकली, तर गर्भाशय शाबूत असलेल्या त्याच वयाच्या स्त्रियांत ८ टक्क्यांची. आणि आपल्याकडे 'काढतोच आहोत तर' म्हणून अंडाशयेही काढली जातात. मग पस्तिशीतच हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका सुरू. दुसरा आक्षेप असा, की गाठी काढल्या तरी पुन्हा होतात. होतात. पाच वर्षांनी सोनोग्राफी केली तर बऱ्याच जणींत नवी गाठ दिसते. पण दिसणे वेगळे आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याइतका त्रास होणे वेगळे. चाळिशीच्या मध्यावरची बाई असेल, तर नवी गाठ मोठी व्हायच्या आधी पाळीच जाण्याची शक्यता असते. हे सगळे सांगूनही गर्भाशय काढणे हाच योग्य निर्णय असलेल्या बायका असतात: गाठी भरपूर, सोबत ॲडिनोमायोसिस (गर्भाशयाचे अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरणे), औषधे आणि हार्मोनचे कॉपर-टीसारखे साधन वापरून झालेले, मूल नको, आणि पुन्हा टेबलावर जायची तयारी नाही. तिने विचार करून घेतलेल्या या निर्णयावर नाक मुरडण्याचा अधिकार गर्भाशय वाचवणाऱ्यांनाही नाही.

असा निर्णय झालाच, तर लहान छेदाच्या भक्तांनी एका जुन्या रस्त्याची आठवण ठेवावी. योनिमार्गाने गर्भाशय काढताना पोटावर एकही व्रण येत नाही, कॅमेरा लागत नाही, गॅस लागत नाही. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ, जे फिगोचे अध्यक्षही होते, त्यांनी ही शस्त्रक्रिया मोठ्या गर्भाशयांसाठीही कशी करावी हे जगभरच्या सर्जनना शिकवले. जमत असेल तिथे हाच मार्ग पहिला, असे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. तरी तो मागे पडतो आहे, कारण त्याच्यामागे विकायला यंत्र नाही. रोबोटच्या मागे आहे; साध्या फायब्रॉइडसाठी मात्र रोबोट नेहमीच्या लॅपरोस्कोपीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. उलट टोकाला एम्बोलायझेशन आहे, जे पॅरिसच्या झाक राविना यांनी १९९५मध्ये जगापुढे आणले: मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठाच बंद करायचा. जखम सुईच्या टोकाएवढी. ब्रिटनमध्ये २५४ स्त्रियांवर झालेल्या, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेम चाचणीत एम्बोलायझेशन आणि गाठ काढणे, या दोन्ही उपचारांनी बायका सुधारल्या. पण दोन वर्षांनी गाठ काढून टाकलेल्यांचे जीवनमान थोडे अधिक चांगले निघाले. नेदरलँड्सच्या चाचणीत एम्बोलायझेशन झालेल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांचे गर्भाशय दहा वर्षांनीही शाबूत होते. म्हणजे सर्वांत लहान जखम सर्वांत चांगली ठरली नाही, वाईटही ठरली नाही. मूल हवे असलेल्या बाईला मी तरी ती पहिली सुचवणार नाही. ऑपरेशनची भूल झेपणार नाही अशा बाईला जरूर सुचवेन.

पैशांचा आक्षेप टाळून चालणार नाही. दुर्बिणीतून गाठ काढायला वेळ जास्त, सर्जन अनुभवी, साहित्य महाग. आणि ऊसतोडीला जाणारी बाई पुढच्या वर्षी तपासणीला येईलच याची खात्री नाही. 'एकदाच काय तो सोक्षमोक्ष' हा व्यवहार म्हणून समजण्यासारखा आहे. पण पोकळीतली लहान गाठ हिस्टेरोस्कोपने काढायला एक दिवस लागतो, लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडला फार खर्च येत नाही, आणि चाळिशीपुढच्या पुष्कळ जणींना एवढ्यावर पाळी जाईपर्यंतचा काळ काढता येतो. स्वस्त म्हणून जे खपवले जाते ते नेहमी सर्वांत स्वस्त नसतेच. सर्वोच्च न्यायालयानेही ५ एप्रिल २०२३ रोजी, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना, त्या रोखण्यासाठीची केंद्राची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले.

तेव्हा ॲडव्हान्स भरण्याआधी डॉक्टरांना विचारा, गाठ फिगोच्या कोणत्या क्रमांकाची आहे, नुसती गाठ काढता येईल का, येत नसेल तर का नाही, आणि काढली तर शिवणार कोण व अशी किती ऑपरेशने त्यांनी केली आहेत. अंडाशयांना हात लावणार नाही, हे संमतिपत्रावर लिहून घ्या. ऑपरेशननंतर गाठ तपासणीला पाठवली का ते पाहा, आणि तो हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट डिस्चार्ज कार्डाबरोबर फाइलमध्ये लावून ठेवा.